डावीकडे चाललेले हत्ती

सुकराम पेंटरने रंगवलेली भिंत ओळखायला खालची सही पाहावी लागत नाही. तिच्यावर जे काही चालतं, उडतं, धावतं किंवा नुसतंच उभं असतं, त्या सगळ्याचं तोंड डावीकडे असतं. हत्ती डावीकडे, मोर डावीकडे, खांद्याला बंदूक लावलेला शिपाई डावीकडे, डोक्यावर कलश घेतलेली बाईही डावीकडे. कृषी केंद्राच्या पाटीवरचा शेतकरी डावीकडे पाहून प्रसन्न हसतो. त्या बाजूला दवाखाना आहे, त्यामुळे ते हसणं नवख्या माणसाला जरा खटकतं. शाळेच्या आवारभिंतीवर त्याने दप्तर घेऊन पळणारी दोन मुलं काढली आहेत आणि वर ठळक लिहिलं आहे, ‘चला शाळेला’. फाटक उजवीकडे आहे. मुलं डावीकडे पळताहेत. मुख्याध्यापकांनी काही दिवस त्या चित्राकडे विचारपूर्वक पाहिलं आणि वस्तुस्थितीला धरून आहे म्हणून ते तसंच राहू दिलं.

सुकराम कापगते हे नाव फक्त रेशनकार्डावर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या भागात तो पेंटर. पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, नाटकाचे पडदे, सगळं करतो. पण त्याचं खरं काम लग्नाच्या भिंती. इकडे लग्न ठरलं की घराची दर्शनी भिंत पांढरी करून घेतात, दाराच्या दोन्ही अंगांना दोन हत्ती काढतात आणि दारावर नवरा-नवरीची नावं लिहितात, मध्ये ‘संग’ घालून. हल्ली फोटोंचे फ्लेक्सही लागतात, पण फ्लेक्स वाऱ्याने मांडवासकट उडून जातो. भिंत राहते. आणि घरात पुढचं लग्न निघेपर्यंत ती पुसायची नाही, असा रिवाज आहे. त्यामुळे आमच्या गावातून नुसतं चालत गेलं तरी कोण कुणाच्या संग आणि अंदाजे किती पावसाळ्यांपूर्वी, हे रंगाच्या फिकेपणावरून कळतं.

आता दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती म्हटलं की कुणाच्याही डोळ्यासमोर काय येतं? तोंडाला तोंड करून, सोंडा उंचावून, दाराला सलामी देणारे. सगळीकडे तसेच असतात. सुकरामच्या भिंतीवर तसं नसतं. समोर उभं राहून पाहिलं तर उजव्या अंगाचा हत्ती रीतसर दाराकडे येतो. डाव्या अंगाचा मात्र दाराला पाठ करून निघून चाललेला असतो. पाहुणा उंबऱ्याशी पोचतो तेव्हा त्याच्या एका हाताला सोंड असते आणि दुसऱ्या हाताला शेपूट.

चित्ररचनेच्या पुस्तकांत समतोलाचे दोन प्रकार सांगितलेले असतात. एक आरशासारखा, इकडे जे तेच तिकडे. दुसरा तराजूसारखा: दोन्ही पारड्यांत वस्तू वेगळ्या, पण वजन सारखं. पहिला प्रकार शांत, स्थिर, देवळाच्या गाभाऱ्याला शोभणारा. दुसऱ्यात हालचाल असते, नजर एकीकडून दुसरीकडे सरकत राहते. सुकरामने ही पुस्तकं वाचलेली नाहीत. पण दुसऱ्या प्रकाराची बाजू त्याच्याइतकी जोरात मांडणारा माणूस या जिल्ह्यात नसेल.

“चित्राले चाल पाहिजे गा,” तो सांगायचा. “दोन हत्ती तोंडाले तोंड लावून उभे केले का कसे दिसते? कोर्टात उभे राहिलेल्या दोन भावांवानी. लग्नघरी भांडन कायले काढाचं?”

एवढ्यावर समाधान झालं नाही तर प्रत्येक घरासाठी त्याच्याकडे वेगळं उत्तर होतं, कारण प्रत्येक घराचं तोंड वेगळ्या दिशेला आणि त्यामुळे प्रत्येक घराची डावी बाजू वेगळी. एका घरी डावा हत्ती नवरदेवाच्या गावाला निरोप घेऊन चालला होता. एका घरी तो आमच्याच तालुक्यातल्या प्रतापगडावर महादेवाच्या दर्शनाला निघाला होता. अनुसयाबाईंच्या घराच्या डावीकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं, तेव्हा तिथला हत्ती चोरखमाऱ्याच्या तलावावर पाणी प्यायला पाठवावा लागला. चोरखमारा राहिला तिकडे तिरोड्याच्या बाजूला. नवेगावचा एवढा मोठा तलाव टाकून हत्ती तहानेला इतक्या लांब का जाईल, हे कुणी विचारलं नाही. अनुसयाबाईंची सून चोरखमाऱ्याकडची होती. तिला ते आवडलं.

यादोरावच्या घरी मात्र त्याला काही जुळवावं लागलं नाही. यादोराव हा गवंडी, सुकरामचा शाळेपासूनचा दोस्त. तो भिंत बांधतो, सुकराम रंगवतो, आणि बिघडली तर दोघं एकमेकाचं नाव सांगतात. यादोरावच्या मुलाच्या लग्नात सुकरामने निळ्या भिंतीवर पांढरे हत्ती काढले आणि सांगितलं, हे वंदनेला विहारात चालले. विहार खरोखरच त्या घराच्या डावीकडे आहे. सुकरामने आयुष्यात दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी तेवढं एक खरं निघालं.

सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट साधी होती. सुकरामला डावीकडे तोंड असलेलाच हत्ती येतो.

तो हत्ती लिहितो. चुलीतला कोळसा घेऊन भिंतीशी उभा राहतो, सोंडेच्या टोकापासून सुरुवात करतो आणि हात न उचलता कपाळ, पाठ, शेपूट असा उजवीकडे सरकत जातो, जसं आपण ओळ लिहितो. शेपटीचा गोंडा म्हणजे पूर्णविराम. ते पाहणं ही फार सुखाची गोष्ट आहे. रेषेला कुठे शंका नसते. पाय, दात, कान मागून येतात, पण हत्ती त्या एका रेषेतच झालेला असतो. उजवीकडे तोंड करायचं तर शेपटीपासून सुरुवात करून सोंडेपर्यंत पोचावं लागतं, आणि ते त्याला जमत नाही. मधेच कुठेतरी जनावराचा विचार बदलतो.

तारुण्यात एकदा त्याने धाडस केलं होतं. चुन्नीलालच्या लग्नात डाव्या अंगाचा हत्ती दाराकडे वळवला. रेषा शेपटीकडून निघाली, पाठीपर्यंत बरी आली, मग कपाळ उतरलं, सोंड निमुळती होऊन पुढेच गेली. चुन्नीलालचा बाप बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हे काय होय बाप्पा?”

“उंदीर होय,” सुकराम म्हणाला. “गनपतीचं वाहन. शुभ असते.”

हत्तीएवढा तो उंदीर चुन्नीलालच्या धाकट्या भावाचं लग्न होईपर्यंत दाराशी उभा होता. त्यानंतर सुकराम उजवीकडे गेला नाही.

मध्यंतरी एका वर्षी गडचिरोलीकडून रानहत्तींचा कळप खरोखरच आमच्या बाजूला आला. धान तुडवलं, मोहाची पोती फोडली, आणि गावातल्या लोकांनी पहिल्यांदाच भिंतीबाहेरचा हत्ती पाहिला. सुकरामच्या धंद्याच्या दृष्टीने ही घटना बरी नव्हती. यादोराव बांधावरून सगळं पाहून आला आणि पानठेल्यावर चारचौघांत म्हणाला, “काय गा सुकराम, ते हत्ती तं तिकडेबी तोंड करते.”

“ते रानातले आहेत,” सुकराम म्हणाला. “त्याइले वळन नाही.”

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मंजूचं लग्न ठरलं.

मंजू ही सुकराम आणि देवकाबाईंची एकुलती मुलगी. शिलाईचं काम करते; तिच्या हातच्या ब्लाउजचा गळा दोन्ही अंगांना सारखा असतो, हे इथे नोंदवलेलं बरं. लहानपणापासून बापाबरोबर भिंतींवर फिरली. बापाने हत्ती काढायचा आणि हत्तीच्या पाठीवरच्या झुलीत मंजूने ठिपके भरायचे, अशी वाटणी होती. लाल ठिपका, पिवळा ठिपका, लाल ठिपका. चुकली तर सुकराम ओरडत नसे. “असू दे, हत्ती हालला,” एवढंच म्हणे.

मुलगा चिचगडकडचा. ओमेश नाव, दुचाकी दुरुस्तीचं दुकान. साक्षगंधाला त्याच्याकडची मंडळी आली, त्यांत त्याचा मामा मुन्नालाल होता. मुन्नालाल गोंदियात राहतो, त्यामुळे मोठ्याने आणि हिंदीत बोलतो. चहा घेऊन तो पाय मोकळे करायला बाहेर पडला आणि शेजारच्या घराची भिंत पाहून थबकला.

“अरे समधीजी, ये क्या है? हमारे यहाँ तो हाथी सलामी देता है. ये तो बारात को पीठ दिखा रहा है!”

पाहुणे हसले. सुकरामही हसला. त्याला कोर्टातल्या भावांचं शास्त्र सांगायचं होतं, पण समोर पोरीचा सोयरा. त्याने पान पुढे केलं.

मंजू दारात बशा घेऊन उभी होती.

त्या आठवड्यात ओमेशने त्याच्या घरच्या भिंतीचा फोटो मोबाइलवर पाठवला. दोन हत्ती, तोंडाला तोंड, सोंडा वर, अगदी एका मापाचे. मंजूने तो बापाला दाखवला.

“साच्याचे आहेत,” सुकराम म्हणाला. “पुठ्ठा कापला, इकून लावला, पलटवून तिकून लावला. साचा विटाचा असते. हत्तीचा नसते.”

“असू द्या. पन आपल्याबी घरी दोन्ही हत्ती दाराकडे पाह्यजे, बाबा.”

“चित्राले चाल...”

“बाबा.”

सुकरामने मोबाइल तिच्या हातात परत दिला. मंजूने आजवर काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. साड्यासुद्धा आईने निवडल्या होत्या.

“होईन,” तो म्हणाला.

त्यानंतर आमचा पेंटर दुपारी दिसेनासा झाला. तो गोठ्याच्या मागच्या भिंतीशी असायचा. तिथे त्याने काय काय काढलं ते यादोरावने पाहिलं, कारण गोठ्याचा कोपरा ढासळला म्हणून देवकाबाईंनी त्याला बोलावलं होतं. सबंध भिंतीवर उजवीकडे तोंड केलेली जनावरं होती. एकाची सोंड पोटातून निघाली होती. एक बसला होता की पडला होता हे सांगता येत नव्हतं. एक बराचसा जमला होता, पण त्याच्या चेहऱ्यावर कर्जवसुलीला आलेल्या साहेबासारखा भाव होता.

यादोरावने थापी खाली ठेवली. “हे कढई होय का गा?”

“हत्ती होय.”

“मले कान धरून उचलाव वाटली.”

“तू कोपरा कर.”

यादोराव कोपरा करायला बसला. थोड्या वेळाने, विटेकडेच पाहत, तो म्हणाला, “साचा काऊन नाही करत? तुह्याच हत्तीचा कर. कागद ठेव, गिरव, पलटव. कोनाच्या बापाले समजते?”

 सुकरामने ते केलं. जुन्या कॅलेंडरचे कागद जोडले, त्यावर आपला नेहमीचा हत्ती काढला, कापला, पलटवला आणि भिंतीला टेकवून बाहेरून कोळसा फिरवला. कागद काढला. उजवीकडे तोंड केलेला निर्दोष हत्ती. कपाळ, पाठ, गोंडा, सगळं जागच्या जागी. सुकराम त्याच्याकडे अशा नजरेने पाहत राहिला, जसं आपल्या अंगातला सदरा दुसऱ्याने घातलेला पाहावा.

“झालं नं?” यादोराव म्हणाला.

“हत्ती चांगला आहे,” सुकराम म्हणाला. “पन मी नाही काढला.” आणि कागदाची घडी करून त्याने ती गोठ्याच्या वळचणीला खोचून दिली.

घरची भिंत पांढरी झाली. उजव्या अंगाचा हत्ती त्याने एका सकाळी काढला, आणि इतका सुंदर काढला की रस्त्याने जाणारे सायकली थांबवून पाहायला लागले. दारावर नावंही लिहिली: मंजू संग ओमेश. डावं अंग मात्र कोरंच राहिलं. रिकामी जागा हाही रचनेचाच एक भाग असतो, तिच्यामुळे भरलेल्या जागेला अर्थ येतो, असं पुस्तकं सांगतात. गावाला ते पटेना. येणारा-जाणारा विचारायचा, “सुकराम, दुसरा हत्ती कोठी गेला?” सुकराम सांगायचा, “येऊन राहिला.” मांडवाचे बांबू आले, तरी तो आला नाही.

सपरीत, म्हणजे घरासमोरच्या उतरत्या छपराखाली, सुकराम रंगाच्या बाटल्या पुसत बसला होता. मंजू शेजारी येऊन बसली.

“बाबा, भिंत अर्धीच राहीन का?”

सुकरामने एक बाटली पुसून ठेवली, दुसरी घेतली. त्याच्याकडे या घरासाठीही एक उत्तर तयार असणार. पण ते निघालं नाही.

“मंजे, मले तिकडे तोंड करनारा हत्ती येत नाही.”

“माहीत आहे.”

“कवापासून?”

“उंदरापासून.”

सुकरामने बाटली खाली ठेवली. “तो उंदीर तुह्या जन्माच्या आधीचा होय.”

“मोठी झाली तं उभाच होता नं दाराशी. सारे पोट्टे त्याले दाखवाले न्यायचे मले. तुह्या बाबाचा हत्ती पाय म्हनून.”

“म्हंजे गावाले बी...?”

“गावाले बी उंदरापासून.”

गावाला माहीत होतं. प्रतापगडला चाललेला हत्ती ज्यांच्या भिंतीवर होता त्यांना माहीत होतं, चोरखमाऱ्याला निघालेला ज्यांच्या, त्यांनाही. त्याने कारण सांगायचं आणि ऐकणाऱ्याने मान हलवायची, हा गावाने त्याच्याशी न बोलता केलेला करार होता, आणि तो इतकी वर्षं एकाही घराने मोडला नव्हता. सुकराम समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिला. तिथून दिसणाऱ्या तीन भिंतींवरचे हत्ती डावीकडे चालले होते.

“मंग मांगितला कायले?” त्याने विचारलं.

मंजू बाटलीच्या झाकणावरचा वाळलेला रंग नखाने काढत होती. “मले वाटलं, माह्यासाठी येईन.”

एवढं बोलून ती आत गेली, कारण मशीनवर कुणाचं तरी ब्लाउज अर्धं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकराम कोळसा घेऊन भिंतीच्या डाव्या अंगाशी उभा राहिला. देवकाबाई अंगण सारवत होत्या. त्यांनी पाहिलं की त्याने सुरुवात सोंडेपासूनच केली, डावीकडून, नेहमीसारखी. त्यांनी कपाळाला हात लावला, सारवणाने भरलेला हात, आणि पुन्हा कामाला लागल्या. हत्ती दाराला पाठ करून निघाला.

पण या वेळी सुकराम झुलीवर थांबला नाही. हत्तीच्या पाठीवर त्याने अंबारी काढली. अंबारीत एक मुलगी बसवली. हिरवी साडी, कपाळाला बाशिंग. मग तो उजव्या अंगाला गेला आणि तिथल्या हत्तीवर, दाराकडे येणाऱ्या, फेटा बांधलेला नवरदेव बसवला. एक हत्ती घरी येतो. एक हत्ती घरून जातो. मधे दार. दोन्ही हत्ती आता एकाच रस्त्यावर होते आणि तो रस्ता घराच्या उंबऱ्यातून जात होता. इतकी वर्षं तो जे नुसतं तोंडाने सांगत होता, ती चाल त्या भिंतीला पहिल्यांदाच आली.

देवकाबाई हात धुऊन आल्या. उजवीकडून डावीकडे पाहत गेल्या आणि अंबारीतल्या मुलीपाशी थांबल्या. 

“पोट्टी मांगं पाहून नाही राहिली,” मग त्या म्हणाल्या.

“हं.”

“जातानी पाहील नं एक डाव तरी मांगं.”

“माह्या हातानं तोंड तिकडेच जाते.”

“पाहा बाप्पा,” देवकाबाई म्हणाल्या. “लगन तुमच्या पोरीचं होय.” आणि शेणाची बादली उचलून निघून गेल्या.

सुकरामने मुलीचा चेहरा चुन्याने झाकला. तो वाळेपर्यंत बसून राहिला. मग उठला आणि बारीक ब्रश उजव्या हातातून डाव्या हातात घेतला. डावा हात आजवर फक्त रंगाचा डबा धरायला होता.  कपाळ निघालं, नाक निघालं, हनुवटी जरा घसरली. डोळा गरजेपेक्षा मोठा झाला. पण चेहरा मागे वळला. सुकरामच्या हातून उतरलेलं उजवीकडे पाहणारं ते माणसाचं पहिलं तोंड. रुपयाच्या नाण्याएवढं.

मंजूने येऊन दोन्ही झुलींचे ठिपके भरले. काम संपल्यावर ती शिडीवर चढून त्या चेहऱ्याला नाक लावून पाहत राहिली.

“डोरा मोठा झाला,” सुकराम खालून म्हणाला.

“असू द्या,” मंजू म्हणाली. “हत्ती हालला.”

वरात आली तेव्हा मुन्नालाल मामा सर्वांत पुढे होता. भिंत पाहून तो थांबला, बँडही थांबला. यादोराव स्वागताला उभा होता. त्याने कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं, “हा तुमचा, येऊन राहिला. हा आमची पोरगी घेऊन जाऊन राहिला. पाठ नाही दाखवत, वाट दाखवते.”

मुन्नालालने इकडून तिकडे पाहिलं. “पर भाऊ, ये तो अभी से ले के जा रहा है. खाना तो खाने दो!”

मांडव हसला, आणि सोयऱ्यांचं जेवणाकडे लक्ष गेलं, जे आमच्याकडे मानापमान मिटल्याचं सर्वमान्य चिन्ह आहे.

पाठवणीच्या वेळी एक गोष्ट झाली, जिच्यात सुकरामचा काही हात नव्हता. हत्ती डावीकडे चालला होता, पण गाडी उजवीकडे गेली, कारण चिचगडचा रस्ता तिकडून निघतो. मंजूने काचेतून मागे वळून पाहिलं, आई म्हणाली होती तसं. गाडी वळणाआड झाली, माणसं डोळे पुसत पांगली. सुकराम भिंतीपाशी उभा होता. अंबारीतली मोठ्या डोळ्याची मुलगी दारावरून, नावांवरून, नवरदेवाच्या फेट्यावरून पलीकडे, थेट चिचगडच्या रस्त्याकडे पाहत होती.

घरात आता दुसरं लग्न नाही, त्यामुळे रिवाजाप्रमाणे ती भिंत पुसायची वेळ येणार नाही. दिवाळीला देवकाबाई चुना देतात, पण हत्तींच्या कडेकडेने, आणि अंबारीजवळ आल्या की कुंचा ठेवून बोटाने.

या हंगामात अनुसयाबाईंच्या नातीचं लग्न निघालं. त्या स्वतः सुकरामकडे आल्या. येणारा हत्ती पाहिजे, जाणारा हत्ती पाहिजे, अंबारी पाहिजे, सगळं सांगून झालं.

“आन आमच्याबी पोरीले मांगं पाहाले लावजो बाप्पा. तुह्या मंजूवानी.”

सुकरामने कोळशाचा तुकडा खिशात टाकला.

“ते नाही येत मले,” तो म्हणाला.

अनुसयाबाई थोडा वेळ थांबल्या. या माणसाच्या ‘नाही’नंतर कारण येतंच, याची त्यांना जुनी सवय होती. काहीच आलं नाही, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि देवकाबाईंना चहा ठेवायला सांगितला.